पान अनेकांचं, पत्ता एकाचा

एखाद्या विद्यापीठाची कल्पना करा. प्रवेशाचं संकेतस्थळ वेगळं, परीक्षेचं वेगळं, ग्रंथालयाचं वेगळं, कर्मचाऱ्यांच्या पगारपत्रकाचं आणखी वेगळं. शिवाय संलग्न महाविद्यालयं, आणि त्यांतल्या दोघा-तिघांनी स्वतःची डोमेन घेतलेली. संगणक विभाग एके दिवशी ठरवतो, की ठिकठिकाणी वेगळे पासवर्ड नकोत. सगळ्यांना मिळून एकच लॉगिन करू. काम यथासांग पार पडतं. आणि पुढच्याच बैठकीत परीक्षा विभाग म्हणतो, ‘हे पान आमचं वाटत नाही.’ ग्रंथपालांना त्यावर ग्रंथालयाचं बोधचिन्ह हवं असतं. संलग्न महाविद्यालयाच्या प्राचार्यांना तर तिथे विद्यापीठाचं नावच नको असतं. सिंगल साइन-ऑनचं लॉगिन पान वेगवेगळ्या डोमेनसाठी वेगवेगळं करून देणं हा या पुस्तिकेचा विषय, आणि तो नेमका या बैठकीत सुरू होतो.

मागणी रास्त आहे, हे आधीच सांगून टाकतो. तंत्रज्ञ मंडळी तिला ‘नुसता दिखावा’ म्हणून उडवून लावतात, ते मला पटत नाही. विद्यार्थी परीक्षेच्या संकेतस्थळावर असतो, बटण दाबताच वर पत्त्याच्या पट्टीत भलताच पत्ता येतो, पानाचा रंग बदलतो आणि तिथे त्याला पासवर्ड मागितला जातो. एरवी आपणच त्याला बजावत असतो, की अनोळखी पानावर पासवर्ड टाकू नकोस. मग हे पान कुणाचं, इथून मी कुठे जाणार आणि अडलो तर फोन कुणाला करायचा, एवढं तरी त्या पानाने सांगायला हवं. बहुतेक पानं सांगत नाहीत. ‘साइन इन’ एवढं ठळक लिहिलेलं असतं आणि खाली सॉफ्टवेअर कंपनीचं नाव.

पण या मागणीत दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ झालेली असते. एक म्हणजे पानाचा चेहरा: नाव, बोधचिन्ह, रंग, भाषा, मदतीचा मजकूर. दुसरी म्हणजे पानाचा पत्ता, म्हणजे ते कोणत्या डोमेनवरून येतं. बैठकीत या दोन्ही गोष्टी एका दमात मागितल्या जातात, कारण मागणाऱ्याला त्या एकच वाटतात. वास्तविक चेहरा बदलणं स्वस्त असतं, पत्ता बदलणं महाग. आणि पत्ते वाढवले की ज्यासाठी हा खटाटोप केला ते एकच लॉगिन मोडण्याचीच शक्यता जास्त. चेहरे हवे तितके करा, पत्ता शक्यतो एकच ठेवा, एवढंच या पुस्तिकेचं म्हणणं आहे. बाकीची पानं त्या ‘शक्यतो’वर खर्च झाली आहेत.

सिंगल साइन-ऑनची मूळ युक्ती साधी आहे. परीक्षेच्या संकेतस्थळावर तुम्ही ‘लॉगिन’ दाबता. ते संकेतस्थळ स्वतः पासवर्ड विचारतच नाही. ब्राउझरला मध्यवर्ती सर्व्हरकडे पाठवून देतं. या सर्व्हरला या धंद्यातले लोक आयडीपी म्हणतात. पासवर्ड तिथेच टाकायचा. तो पटला की आयडीपी ब्राउझरमध्ये स्वतःची एक कुकी ठेवतो आणि सही केलेला निरोप किंवा एक तिकीट हातात देऊन तुम्हाला परत धाडतो. थोड्या वेळाने तुम्ही ग्रंथालयाकडे वळता, तेव्हा पुन्हा तीच फेरी होते. फरक एवढाच, की कुकी आता आधीपासून आहे, म्हणून पान न दाखवताच आयडीपी तुम्हाला पुढे सोडतो.

हे सगळं आजचं नाही. एमआयटीमध्ये १९८३ साली सुरू झालेल्या अथेना प्रकल्पातून ओळख पटवण्याची केर्बेरॉस ही यंत्रणा आली, तेव्हा वेब जन्मालाही आलं नव्हतं. वेबवर मायक्रोसॉफ्टने १९९९ मध्ये पासपोर्ट ही लॉगिन सेवा आणली. येल विद्यापीठात शॉन बायर्न यांनी कॅस लिहिलं, ते पुढे अनेक विद्यापीठांनी मिळून चालवलेला मुक्त प्रकल्प झालं आणि आज अपेरिओ या संस्थेच्या छत्राखाली आहे. अमेरिकेतल्या इंटरनेट-टू या विद्यापीठांच्या गटातून शिबोलेथ निघालं. एसएएमएल २.० हे प्रमाण २००५ चं, ओपनआयडी कनेक्ट २०१४ चं, आणि कीक्लोक या आयडीपी सॉफ्टवेअरची पहिली आवृत्तीही २०१४ चीच. यांतली बरीच नावं विद्यापीठांतून आलेली आहेत. एकाच संस्थेत शंभर विभाग आणि प्रत्येकाचा वेगळा संसार, ही अडचण त्यांना रोजचीच, म्हणून विभागवार चेहरा देण्याची सोयही त्यांच्याकडे रुजली.

आता मुख्य प्रश्न. पान दाखवण्याच्या क्षणी आयडीपीला कसं कळतं, की समोरचा माणूस परीक्षेकडून आला आहे की ग्रंथालयाकडून? उत्तर ब्राउझर सोबत घेऊन आलेल्या लांबलचक पत्त्यातच असतं. ओपनआयडी कनेक्टमध्ये त्यात क्लायंट आयडी असतो, म्हणजे त्या संकेतस्थळाचं आयडीपीकडे नोंदवलेलं नाव. काम झाल्यावर परत कुठे पाठवायचं तो पत्ताही असतो, आणि संकेतस्थळाने ठरवलं तर भाषेचा संकेतही. कॅसमध्ये ‘सर्व्हिस’ नावाच्या रकान्यात परतीचा पूर्ण पत्ता येतो. कॅस तो आपल्या नोंदवहीतल्या नमुन्यांशी ताडून बघतं. जी नोंद जुळेल तिच्यात थीमचं नाव लिहिलेलं असेल तर ती थीम लावतं. कीक्लोकमध्ये प्रत्येक क्लायंटला वेगळी लॉगिन थीम नेमता येते. नेमली नाही तर संपूर्ण रेल्मची, म्हणजे वापरकर्ते आणि क्लायंट यांच्या त्या अख्ख्या गटाची थीम लागू होते. मायक्रोसॉफ्टच्या एडीएफएसमध्ये विंडोज सर्व्हर २०१६ पासून ही सोय प्रत्येक ॲप्लिकेशनगणिक मिळाली.

मला सगळ्यांत समंजस वाटते ती एसएएमएलची पद्धत. तिथे प्रत्येक सेवा आपली माहिती एका मेटाडेटा फाइलमध्ये देते, आणि तिच्यातच आपलं दाखवायचं नाव, दोन ओळींचं वर्णन, बोधचिन्ह आणि गोपनीयता धोरणाचा दुवा लिहू शकते. तेही भाषावार, मराठीत निराळं आणि इंग्रजीत निराळं. शिबोलेथचं लॉगिन टेम्प्लेट ही माहिती उचलून पानावर मांडतं. आयडीपीच्या माणसाला प्रत्येक विभागासाठी थीम रंगवत बसावं लागत नाही. टेम्प्लेट एकच राहतं आणि नाव ज्याचं त्याने द्यायचं. इतकी चांगली सोय असूनही मेटाडेटातले हे रकाने रिकामे सोडण्याची सवय फार आहे. मग पानावर सेवेच्या नावाऐवजी एक अगम्य तांत्रिक पत्ता उमटतो आणि विद्यार्थी त्याला व्हायरस समजतो.

इथे एक फरक लक्षात ठेवायला हवा. गांधीनगरच्या इन्फ्लिबनेटचं इन्फेड हे फेडरेशन, म्हणजे एकमेकांच्या लॉगिनवर विश्वास ठेवणाऱ्या संस्थांचा गट, शिबोलेथवर चालतं. त्यात सहभागी विद्यापीठातला संशोधक परदेशी प्रकाशकाच्या संकेतस्थळावरून निघतो आणि लॉगिनसाठी स्वतःच्या विद्यापीठाच्या पानावर येतो. अशा वेळी ते पान प्रकाशकासारखं दिसता कामा नये. ते ठसठशीतपणे विद्यापीठाचंच हवं आणि प्रकाशकाचं नाव ‘तुम्ही इथे जात आहात’ एवढ्यापुरतं यावं. पासवर्ड ज्या घराचा, चेहरा त्या घराचा. परीक्षा विभाग आणि ग्रंथालय हे एकाच घरातले असल्यामुळे त्यांना रंगात थोडी मोकळीक देता येते, परक्याला नाही.

थीम निवडायला सोपे वाटणारे आणि अंगाशी येणारे मार्ग दोन आहेत. पहिला मार्ग रेफररचा, म्हणजे माणूस कुठल्या पानावरून आला हे ब्राउझरला विचारण्याचा. पहिल्या वेळी तो छान चालतो. विद्यार्थी पासवर्ड चुकवतो, पान पुन्हा येतं, आणि आता मागचं पान म्हणजे खुद्द लॉगिनचंच पान. थीम उडते. चुकलेल्या पासवर्डाने आधीच गांगरलेल्या माणसासमोर त्याच क्षणी वेगळ्या रंगाचं पान उभं राहतं. दुसरा मार्ग पत्त्यातच ‘थीम अमुक’ असं लिहून पाठवण्याचा. मग कुणीही कुणाचाही मुखवटा लावलेला दुवा तयार करून व्हॉट्सॲपवर फिरवू शकतो. चेहरा नोंदवलेल्या क्लायंटवरूनच ठरला पाहिजे, आणि परतीचा पत्ता नोंदीशी अक्षरशः जुळला पाहिजे. ओपनआयडी कनेक्ट ज्यावर उभं आहे त्या ओऑथच्या सुरक्षेविषयीचं २०२५ चं मार्गदर्शक, आरएफसी ९७००, हे तंतोतंत जुळणीचं बंधन घालतंच.

यापुढचा मुद्दा अनुभवी माणसांच्याही नजरेतून सुटतो. सिंगल साइन-ऑनमध्ये लॉगिनचं पान फक्त पहिल्या सेवेला मिळतं. सकाळी ईमेलसाठी लॉगिन केलेला प्राध्यापक दुपारी ग्रंथालयात गेला, तर ग्रंथालयाचं देखणं पान त्याला दिसणारच नाही. यंत्रणा नीट चालली आहे याचीच ती खूण. म्हणून ‘परीक्षा अर्जाची अंतिम तारीख’ ही सूचना परीक्षेच्या लॉगिन पानावर लावणं व्यर्थ आहे. अटी मान्य करून घेण्याची चौकट तिथे ठेवणं त्याहून वाईट, कारण अर्ध्या लोकांनी ती न पाहताच आत प्रवेश केलेला असतो आणि उद्या वाद झाला तर दाखवायला काही नसतं. सूचना आणि अटी सेवेच्या आत ठेवा. पुन्हा लॉगिन करायला भाग पाडण्याची सोय एसएएमएल आणि ओपनआयडी कनेक्ट दोन्हींत आहे, पण ती निकालात गुण भरण्यासारख्या नाजूक कामासाठी राखून ठेवावी. जाहिरात दिसावी म्हणून ती वापरणं हा वापरणाऱ्यावर अन्याय आहे.

उलट बाजूने पाहिलं तर काही पानं अशी असतात, जिथे आयडीपीला सेवेचा पत्ताच नसतो. लोक लॉगिनचं पानच बुकमार्क करून ठेवतात. चार दिवसांनी तो बुकमार्क उघडला की त्यातली खूण शिळी झालेली असते. शिबोलेथ तर ‘स्टेल रिक्वेस्ट’ म्हणून सरळ तक्रार करतं. कोण कुठून आलं हे तिथे समजायला मार्ग नसतो. पासवर्ड बदलण्याचा ईमेल एका फोनवर मागवला जातो आणि दुसऱ्याच यंत्रावर उघडला जातो. कीक्लोकमध्ये क्लायंटगणिक बदलते ती फक्त लॉगिनची थीम. ईमेलची थीम रेल्मची एकच. म्हणजे महाविद्यालयाच्या रंगीत पानावर ‘पासवर्ड विसरलो’ दाबणाऱ्याला पत्र येतं ते विद्यापीठाच्या नावाने. प्राचार्यांना हे आधी सांगून ठेवा, नंतर सांगितलं तर ते ऐकून घेणार नाहीत. आणि विभागांच्या थीमवर जितका वेळ घालवता त्याहून जास्त वेळ सर्वसाधारण थीमवर घाला. गोंधळलेला माणूस अखेर तिथेच येऊन पोहोचतो.

आता पत्ता. परीक्षेचं लॉगिन परीक्षेच्या डोमेनवर आणि महाविद्यालयाचं त्यांच्या डोमेनवर द्यावं, असा हट्ट असेल तर रिव्हर्स प्रॉक्सीवर दोन नावं आणि दोन प्रमाणपत्रं लावून ते तासाभरात होतं. पान येतं, लॉगिनही होतं. मोडतं ते त्याच्या पलीकडे. कुकी ज्या होस्टची असते त्यालाच परत मिळते. परीक्षेच्या पत्त्यावर ठेवलेली कुकी महाविद्यालयाच्या पत्त्यावर दिसत नाही, म्हणून माणसाला पुन्हा पासवर्ड टाकावा लागतो. म्हणजे सर्व्हर एक, वापरणारे तेच, आणि लॉगिन मात्र दोन. वरच्या सामाईक डोमेनवर कुकी ठेवू म्हणाल, तर तेही सर्वत्र चालत नाही. दोन महाविद्यालयांत सामाईक फक्त एसी-डॉट-इन असेल, तर ब्राउझर तिथे कुकी ठेवूच देत नाही. मोझिलाने सांभाळलेल्या पब्लिक सफिक्स यादीत अशी सामाईक शेपटं नोंदलेली आहेत. विद्यापीठाचंच मोठं डोमेन सामाईक असेल तर कुकी ठेवता येईल, पण मग ती त्याखालच्या प्रत्येक उपडोमेनला जाईल. सात वर्षांपूर्वीच्या स्नेहसंमेलनासाठी कुणी बसवलेलं आणि त्यानंतर कधीही अद्ययावत न केलेलं वर्डप्रेससुद्धा त्यात आलं. आयडीपीची कुकी फक्त आयडीपीच्या होस्टपुरती ठेवणं हाच शहाणपणा.

चोरवाटाही हळूहळू बंद होत गेल्या. एका डोमेनच्या पानात दुसऱ्याचं लॉगिन अदृश्य चौकटीत उघडून कुकी वाचायची, ही जुनी युक्ती सफारीने मार्च २०२० पासून तृतीय पक्षाच्या कुकी सरसकट अडवल्यावर तिथे संपली. क्रोमने त्याच वर्षी परक्या पानातल्या चौकटीला कुकी न देणारा सेमसाइट ‘लॅक्स’ हा नियम आपोआप लागू केला, फायरफॉक्सने २०२२ मध्ये प्रत्येक संकेतस्थळाच्या कुकी वेगळ्या बरण्यांत ठेवायला सुरुवात केली. गूगललासुद्धा यूट्यूबचं वेगळं डोमेन सांभाळण्यासाठी ब्राउझरला उघडउघड एक जादा फेरी मारायला लावावी लागते.

शिवाय टोकन, म्हणजे आयडीपीने दिलेला सही केलेला निरोप. ओपनआयडी कनेक्टच्या टोकनमध्ये ते कुणी दिलं याची नोंद असते, इश्युअर म्हणून. आणि घेणाऱ्याने ती अक्षर न् अक्षर ताडून पाहायची असते. कीक्लोकमध्ये होस्टचं नाव पक्कं नेमून दिलेलं नसेल, तर विनंती ज्या पत्त्यावर आली त्यावरून इश्युअर ठरतो. मग एका पत्त्यावरून मिळालेलं टोकन दुसऱ्या पत्त्याशी बांधलेली सेवा नाकारते, आणि ‘मला आत घेतं आणि लगेच बाहेर काढतं’ अशी तक्रार येते. ही तक्रार जिथे जिथे ऐकाल तिथे पहिल्यांदा इश्युअर तपासा. पासकीचं तर विचारूच नका. पासकी, म्हणजे पासवर्डाऐवजी वापरायची यंत्रातली चावी, डोमेनशी जखडलेली असते, तिची सगळी ताकद त्यातच आहे. एका पत्त्यावर नोंदवलेली पासकी दुसऱ्यावर चालत नाही. संबंधित डोमेनांची यादी जाहीर करून ती वाटून घेण्याची सोय वेबऑथन या पासकीमागच्या प्रमाणाच्या नव्या तिसऱ्या आवृत्तीत आहे, पण तिच्या भरवशावर आज नवे पत्ते उघडण्याचा सल्ला मी देणार नाही.

पत्ता म्हणजे जबाबदारीही. १९९९ च्या नाताळात मायक्रोसॉफ्ट पासपोर्टच्या डोमेनचं नूतनीकरण करायला विसरलं आणि हॉटमेलचं लॉगिन बंद पडलं. अमेरिकेतल्या एका लिनक्स प्रोग्रामरने स्वतःच्या खिशातून ३५ डॉलर भरले, तेव्हा ते सुरू झालं. एवढ्या मोठ्या कंपनीकडून एक पत्ता सांभाळताना हे झालं. नऊ महाविद्यालयांचे नऊ लॉगिन पत्ते, त्यांची नूतनीकरणं, प्रमाणपत्रं आणि डीएनएसच्या नोंदी कोण सांभाळणार, हा प्रश्न बैठकीत विचारला की बहुधा मागणी आपोआप मवाळ होते.

तरीही अनेक पत्ते खरोखर लागतात अशा जागा आहेत. एकच सॉफ्टवेअर वीस सहकारी पतसंस्थांना विकणारी कंपनी घ्या. या संस्थांचे सभासद वेगळे, हिशेब वेगळे, आणि एका संस्थेच्या सभासदाने दुसरीत आपोआप आत जाणं अपेक्षितच नाही, किंबहुना तसं झालं तर बातमी होईल. तिथे प्रत्येकीला तिचा पत्ता द्यावा, आणि नुसता पत्ता नव्हे तर तिचा वेगळा रेल्म, वेगळ्या चाव्या, वेगळे वापरकर्ते. ऑथ-झीरोसारख्या सेवा डीएनएसमध्ये एक नोंद घालायला लावून ग्राहकाच्या स्वतःच्या डोमेनवर लॉगिन देतात, ते या गरजेसाठी. वीस पतसंस्था ही वीस घरं आहेत. विद्यापीठाचे वीस विभाग ही वीस घरं नव्हेत. केंद्र सरकारने २०२२ मध्ये ‘मेरी पहचान’ आणलं, तेव्हा डिजिलॉकर, ई-प्रमाण आणि जन परिचय अशा तीन ओळखी एकाखाली घेतल्या. देशभरच्या सेवा असूनही ओढा पत्ते कमी करण्याकडेच होता.

मराठीचं प्रकरण पुस्तिकेत सगळ्यांत लांबलं आहे, आणि ते कापायला मी नकार दिला. डोमेनवार चेहरा देण्यात रंगापेक्षा भाषेचा उपयोग जास्त आहे असं माझं मत आहे. ओपनआयडी कनेक्टमध्ये संकेतस्थळ ‘मराठीत दाखवा’ असा संकेत पाठवू शकतं. कीक्लोकमध्ये मराठी संदेशांची एक फाइल थीमच्या फोल्डरात ठेवली आणि ती भाषा चालू केली की पान मराठी होतं. निदान तसं वाटतं. मग इंग्रजीसाठी आखलेल्या सीएसएसमध्ये ‘विद्यार्थी’ शब्दाचा रफार आणि वेलांटी वरून कापली जाते, कारण ओळीची उंची रोमन अक्षरांना पुरेल एवढीच धरलेली असते. ‘कृपया’ खालून कापलं जातं. बटणावर अक्षरांमधलं अंतर वाढवलेलं असेल तर शिरोरेषेचे तुकडे पडतात. इंग्रजीत शीर्षक कॅपिटल अक्षरांत करून उठाव आणलेला असतो. देवनागरीत तो पर्यायच नाही, तिथे वजन आणि आकार वापरावे लागतात. मुंबईच्या एक टाइपचा मुक्ता हा फाँट मोफत आहे आणि पडद्यावर उत्तम वाचता येतो. तो स्वतःच्या सर्व्हरवरूनच द्या, लॉगिन पानावर बाहेरून काहीही आणू नका.

आकड्यांची गंमत वेगळी. ओटीपीच्या रकान्यात मराठी कीबोर्डने ‘४७१२’ टाइप केलं की जावास्क्रिप्टचा नेहमीचा अंकांचा नमुना ते नाकारतो. त्याला फक्त इंग्रजी आकडे अंक वाटतात. पान स्वतः मात्र मराठी लोकेलमुळे ‘३० सेकंद उरले’ असं देवनागरी आकड्यांत सांगत असतं. स्वतः वापरतो ते आकडे दुसऱ्याने वापरले की चूक ठरवायचं, हा उद्दामपणा एका ओळीच्या कोडने जातो. पासवर्डात देवनागरी चालू द्यायची असेल तर आणखी एक काळजी. ‘दुसऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये एका चिन्हाने लिहिता येतो आणि र अधिक नुक्ता अशा दोन चिन्हांनीही. डोळ्यांना दोन्ही सारखेच, हॅशला वेगळे. घरच्या संगणकावर चालणारा पासवर्ड ऑफिसात चालत नाही आणि कारण कुणालाच सापडत नाही. आरएफसी ८२६५ ने त्यावर पासवर्ड युनिकोडच्या एनएफसी या एकाच रूपात आणण्याचा उपाय सांगितला आहे.

कायद्याची बाजूही आता आली आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कोणत्याही भाषेत पाहण्याचा पर्याय देण्याची तरतूद आहे. मराठी आणि कोंकणी दोन्ही त्या अनुसूचीत आहेत. ‘पुढे मराठीत करू’ म्हणण्याचे दिवस संपले.

सुरक्षेबद्दल थोडक्यात, कारण त्यावर स्वतंत्र पुस्तकं आहेत. थीम म्हणजे पासवर्डच्या रकान्याशेजारी चालणारा कोड. विभागाला रंग, नाव, चित्र आणि मजकूर बदलू द्या. स्वतःची जावास्क्रिप्ट घालू देऊ नका, मग विभागप्रमुख कितीही वजनदार असोत. भेटी मोजणारी, गप्पांची खिडकी उघडणारी, जाहिरातीची, कुठलीच बाहेरची स्क्रिप्ट तिथे नको. २०१८ मध्ये ब्रिटिश एअरवेजच्या संकेतस्थळावरच्या एका स्क्रिप्टमध्ये सुमारे २२ ओळी घुसवल्या गेल्या आणि लाखो ग्राहकांच्या कार्डांचा तपशील बाहेर गेला. ते पैसे भरण्याचं पान होतं, पण धडा लॉगिनच्या पानालाही तितकाच लागू आहे. नुसतं सीएसएससुद्धा निरुपद्रवी नसतं. नीट रचलेल्या सिलेक्टरांनी पानावरची गुपितं अक्षर-अक्षर करून बाहेर पाठवता येतात.

आणि देखण्या पानाने फसवणूक थांबते, या समजुतीत राहू नका. धमिजा, टायगर आणि हर्स्ट यांनी २००६ मध्ये केलेल्या प्रयोगात सगळ्यांत चांगल्या बनावट पानाने ९० टक्के सहभागींना चकवलं होतं. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासात दिसलं, की वापरणाऱ्याने स्वतः निवडलेलं ओळखीचं चित्र पानावरून गायब केलं, तरी बहुतेकांनी पासवर्ड टाकलाच. तुमचं बोधचिन्ह चोरायला भामट्याला राइट-क्लिक पुरतं. चोरता येत नाही तो पत्ता. एकच पत्ता वर्षानुवर्षं दिसत राहिला तर निदान काही जणांच्या डोळ्यांना त्याची सवय होते, पासवर्ड मॅनेजरला आणि पासकीला तर पहिल्या दिवसापासून होते. रकान्यात पासवर्ड पेस्ट करायला बंदी घालणारी पानं याच मदतनिसाला हाकलून देतात. डब्ल्यूसीएजी २.२ या वेब-सुलभतेच्या २०२३ च्या मार्गदर्शकात लॉगिनच्या सुलभतेचा स्वतंत्र निकष आहे, आणि ही बंदी त्याच्या आड येते.

देखभालीवर एकच तक्रार नोंदवतो. कीक्लोकची मूळ टेम्प्लेटं उचलून सगळीच्या सगळी आपल्या थीममध्ये उतरवून घेण्याची पद्धत सर्रास आहे. पुढची आवृत्ती येते, मूळ टेम्प्लेटमध्ये नवा रकाना येतो, तुमच्या नकलेत तो नसतो. मग आठ विभागांच्या आठ नकला दुरुस्त करत बसा. मूळ थीमचा वारसा घ्यावा, बदल सीएसएस आणि संदेशांच्या फाइलमध्ये करावेत आणि टेम्प्लेटला हात अगदीच नाइलाजाने लावावा. आठ विभागांना आठ थीम लागत नाहीत. बहुतेकदा एक थीम आणि आठ नावं पुरतात.

ही पुस्तिका ग्राफिक डिझाइन शिकवत नाही, कुठलं उत्पादन विकत घ्यावं तेही सांगत नाही. संगणक विभागात काम करणाऱ्यांसाठी ती आहे, आणि बैठकीत रंग मागणाऱ्यांनी तिची पत्त्यांवरची दोन प्रकरणं वाचली तर दोघांचाही वेळ वाचेल. वाचकांना माझी एक विनंती आहे. कामाला लागण्यापूर्वी आयडीपीत नोंदवलेल्या सगळ्या क्लायंटांची यादी छापून घ्या आणि प्रत्येकापुढे त्याचं मराठी नाव, मदतीचा चालू दूरध्वनी आणि जबाबदार माणूस लिहा. मराठी मजकूर तयार झाला की तो आधी परीक्षा विभागाच्या खिडकीवर बसणाऱ्या कारकुनाला वाचायला द्या. दिवसभर विद्यार्थ्यांचे प्रश्न तोच ऐकतो, आणि त्याला न कळलेलं वाक्य विद्यार्थ्यालाही कळणार नाही.